वॉल्थर पीपी की कोल्ट १९०३ : वडिलांचे पिस्तूल घ्यावे की काकांचे?

प्रश्न : दौलतगंजवासी, ग्वाल्हेर

सर्वांना नमस्कार. मी लष्कर भागात, दौलतगंजात आमच्या जुन्या वाड्यात राहतो. डबऱ्याच्या पुढे आमची शेती आणि धान्याचे एक गोदाम आहे. धानाच्या हंगामात आठवड्यातून तीन-चार वेळा तरी अंधार पडल्यावर रोकड जवळ घेऊन झाशी रस्त्याने घरी परतावे लागते. गेल्या थंडीत दाट धुक्यात दोन मोटारसायकलींनी माझी गाडी अडवण्याचा प्रयत्न केला. त्या वेळी मागून एक ट्रक आला म्हणून मी सुटलो. त्यानंतर परवान्यासाठी अर्ज केला, प्रशिक्षण आणि पोलीस चौकशी पूर्ण झाली, आणि आता एका हातबंदुकीपुरता परवाना मंजूर झाला आहे.

नऊ मिलिमीटरचे पिस्तूल आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास) येत असल्याने सामान्य माणसाला बहुतेक वेळा ३२ बोअरवरच थांबावे लागते, हे मला ठाऊक आहे. सुदैवाने घरात दोन चांगली पिस्तुले आहेत. माझे वडील ७४ वर्षांचे आहेत आणि त्यांच्याकडे १९७० च्या दशकापासून वॉल्थर पीपी आहे. धाकट्या काकांकडे आजोबांच्या वेळचे कोल्ट १९०३ आहे. काकांना मूलबाळ नाही आणि आता शस्त्र सांभाळण्याची त्यांची इच्छाही उरलेली नाही. दोघेही म्हणतात, “तुला जे योग्य वाटेल ते तू घे.”

माझी गरज दुहेरी आहे. प्रवासात पिस्तूल कमरेला असेल आणि रात्री तेच घरात असेल. घरात पत्नी, आई-वडील आणि नऊ व पाच वर्षांची दोन मुले आहेत, ही गोष्ट मी प्रश्नाचाच भाग मानतो. दोन्ही पिस्तुलांचे काडतूस एकच, दोन्हींत आठ-आठ गोळ्या, मग निवड नेमकी कशावरून करावी? की दोन्ही बाजूला ठेवून सरकारी कारखान्याचे नवे पिस्तूल घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल? ज्यांनी ही शस्त्रे प्रत्यक्ष वापरली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : निवृत्त आर्मरर, थाटीपूर

आपण मुलांचा उल्लेख आधीच केलात, हे फार बरे झाले. माझी नोकरी शस्त्रांच्या दुरुस्तीत गेली. या दोन्ही जातींची पिस्तुले मी अनेकदा उघडून पाहिली आहेत, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

गोळीच्या ताकदीवरून ही निवड होऊ शकत नाही, हे सर्वप्रथम मनातून काढून टाकावे. ३२ बोअरचे काडतूस जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ च्या सुमारास आपल्या पिस्तुलासाठी तयार केले आणि आजही त्याचे मूळ स्वरूप तेच आहे. सुमारे ४.६ ग्रॅमची, तांब्याच्या पूर्ण आवरणाची गोळी सेकंदाला पावणेतीनशे मीटरच्या आसपास वेगाने जाते. वॉल्थरमधून निघो की कोल्टमधून, समोर जाणारी गोळी तीच. दोन्हींची लांबी १७ सेंटिमीटरच्या जवळपास आणि रिकामे वजन ७०० ग्रॅमच्या आत आहे. दोन्हींत स्लाइडला, म्हणजे वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाला, कुलूप नसते. स्लाइडचे वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच मागचा धक्का पेलला जातो.

खरा फरक आहे तो पहिली गोळी सुटण्याआधी पिस्तूल कोणत्या स्थितीत कमरेला राहते यात. कोल्ट १९०३ चा घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर आदळणारा हातोडा, स्लाइडच्या आत झाकलेला असतो. त्यामुळे कपड्यात काही अडकत नाही, आणि पिस्तूल चपटे असल्याने सदऱ्याखाली ते दिसतही नाही. परंतु घोडा चढलेला आहे की उतरलेला, हे डोळ्यांना कळत नाही. त्याचा चाप घोडा चढवत नाही, तो फक्त सोडतो. म्हणजे चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) काडतूस ठेवून चालायचे असेल तर आतला घोडा चढलेलाच राहणार, आणि आपण अंगठ्याची सेफ्टी व मुठीमागची सेफ्टी या दोन जुन्या भागांच्या भरवशावर राहणार. पिस्तूल हातातून पडले तर फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आदळणारी सुई, अडवणारी वेगळी व्यवस्था त्यात नाही. त्यामुळे माझ्या मते आज कोल्ट बाळगायचे तर चेंबर रिकामे ठेवूनच बाळगावे. मग गरज पडेल त्या क्षणी स्लाइड ओढायला दोन्ही हात मोकळे हवेत. गाडीत पट्टा लावून बसलेल्या आणि एका हाताने स्टीअरिंग धरलेल्या माणसाला ते किती जमेल, याचा आपणच विचार करावा.

१९२९ मध्ये बाजारात आलेल्या वॉल्थर पीपीने नेमकी हीच अडचण सोडवली. तिचा घोडा बाहेर, डोळ्यांसमोर असतो. सेफ्टी खाली केली की आधी फायरिंग पिन अडवली जाते आणि मगच घोडा खाली पडतो. त्यानंतर सेफ्टी वर केली तरी घोडा उतरलेलाच राहतो, आणि पहिली गोळी चाप लांब व जड ओढल्याशिवाय सुटत नाही. चेंबर भरलेले असेल तर घोड्याच्या वर एक बारीक पिन बाहेर येते आणि अंधारातही बोटाला लागते. शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड मागे उघडी राहते. कोल्टमध्ये ती बंद होते, त्यामुळे पिस्तूल रिकामे झाल्याचे चाप ओढल्यावरच समजते. वॉल्थरचे मॅगझिन बहुधा बटण दाबून निघते, तर कोल्टचे मुठीच्या तळाशी असलेली खिटी मागे ढकलून काढावे लागते.

एवढे पाहता प्रवासासाठी माझे मत वॉल्थरकडे झुकते. मात्र हे मत चांगल्या अवस्थेतील वॉल्थरबद्दल आहे, आपल्या वडिलांच्या कपाटातील वॉल्थरबद्दल नव्हे. ती मी पाहिलेली नाही. या पिस्तुलांचे वय झालेले असते, आणि सेफ्टीचे भाग झिजलेले असले तर घोडा उतरवतानाच गोळी सुटू शकते. म्हणून आधी एक साधी परीक्षा करावी. ज्यांच्या नावावर परवाना आहे त्यांनीच ती करावी. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत, मॅगझिन बाहेर काढावे, चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीने दोनदा तपासावे. घोडा चढवावा, नळी वर करून तीत मागच्या बाजूला रबर असलेली पेन्सिल अशी सोडावी की रबर आत टेकेल, आणि मग सेफ्टी खाली करून घोडा पडू द्यावा. पेन्सिल जागची हलता कामा नये. ती उडाली, तर फायरिंग पिनला मार बसत आहे असे समजावे आणि त्या पिस्तुलात काडतूस घालू नये.

कोल्टचीही रिकाम्या अवस्थेतच परीक्षा करावी. सेफ्टी लावून चाप जोराने ओढावा, मग चाप सोडून सेफ्टी काढावी. सेफ्टी काढताच घोडा आपोआप पडला तर ती सेफ्टी निकामी आहे. त्यानंतर मुठीमागची सेफ्टी न दाबता चाप ओढून पाहावा. तेव्हाही काही घडता कामा नये.

मॅगझिन मूळचे आहे की इथल्या कारागिराने ठोकून केलेले, हेही अवश्य पाहावे. गोळ्या अडकण्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येत, त्यांत पिस्तूल क्वचितच दोषी असे. बहुतेक वेळा दोष मॅगझिनच्या वाकलेल्या ओठांचा किंवा मेलेल्या स्प्रिंगचा निघे. ३२ च्या काडतुसाला मागे किंचित बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे राहिली पाहिजे, उलट राहिली तर काडतुसे एकमेकांत अडकतात.

नव्या पिस्तुलाबद्दल थोडक्यात सांगतो. ईशापूरच्या कारखान्याचे ३२ बोअर पिस्तूल दिसायला या दोघांच्या तोडीचे नाही, पण स्प्रिंगा नव्या, मॅगझिन नवे आणि सुटे भाग देशातच मिळणारे. खाजगी व्यक्तींसाठी परदेशी शस्त्रांची आयात १९८० च्या दशकातच बंद झाल्याने वॉल्थर किंवा कोल्टचा एखादा भाग तुटला तर तो कुठून आणणार, हा प्रश्न कायम राहतो. आणि दुकानदार “३२ बोअर” म्हणून रिव्हॉल्व्हर दाखवेल तेव्हा सावध असावे. कानपूरच्या ३२ रिव्हॉल्व्हरचे काडतूस वेगळे आणि लांब असते. ते पिस्तुलात चालत नाही.

उत्तर २ : शेतकरी महिला, मुरार

वरील काकांचा अनुभव माझ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, तरीही कोल्टच्या बाजूने दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. यजमान गेल्यावर शेतीचा व्याप माझ्यावर आला. गेली ११ वर्षे माझ्या नावे कोल्ट १९०३ आहे. माझे हात लहान आहेत. सासऱ्यांच्या मित्रांकडे वॉल्थर होती. तिची स्लाइड ओढताना मला दोन्ही हातांचा जोर लावावा लागे, आणि पहिल्या गोळीचा जड चाप ओढताना नळी हमखास उजवीकडे जाई. कोल्टचा चाप मात्र प्रत्येक गोळीला सारखाच हलका. रेंजवर दहा मीटरवरून माझ्या आठही गोळ्या एका ताटलीएवढ्या जागेत बसतात, आणि हे माझ्या कौशल्यापेक्षा त्या पिस्तुलाच्या मुठीचे श्रेय आहे, असे मी मानते. झाकलेल्या घोड्यामुळे अंगठ्याच्या बेचक्यात कधी चिमटा बसला नाही. वॉल्थरने माझ्या दिरांचा हात दोनदा सोलवटला होता.

मीही चेंबर रिकामेच ठेवते. पिस्तूल आकड्यांच्या कुलपाच्या पोलादी पेटीत असते आणि ती पेटी पलंगाशेजारच्या भिंतीत बोल्टने बसवली आहे. पेटी उघडणे, मॅगझिन बसवणे आणि स्लाइड ओढणे, हे मी रिकाम्या पिस्तुलावर आणि खोट्या काडतुसांवर अंधारात शेकडो वेळा केले आहे. त्याला किती वेळ लागतो हे मला माहीत आहे, म्हणून माझ्या दारांच्या कड्याही त्या हिशेबाने मजबूत केल्या आहेत. घरासाठी रिकामे चेंबर ही मला उणीव वाटत नाही. अगदी लहान मुलाला स्लाइड ओढणे कठीण जाते, पण थोड्या मोठ्या मुलाला ते जमू शकते, म्हणून कुलूप हवेच.

आणखी एक विनंती. निवड करताना वहिनींच्या हातातही दोन्ही पिस्तुले देऊन पाहा. आपण डबऱ्याला असताना घरात त्याच असतील.

उत्तर ३ : वकील, जीवाजीगंज

मुरारच्या ताईंचे बाकीचे सर्व मुद्दे मान्य करून शेवटच्या वाक्याबद्दल सावध करणे मला भाग आहे. परवाना व्यक्तीचा असतो, कुटुंबाचा नसतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवाना नसलेली व्यक्ती शस्त्र हाती धरू शकते ती परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, आणि तेही दुरुस्ती, नूतनीकरण किंवा धारकाच्याच वापरासाठी. आपण बाहेरगावी असताना पत्नीसाठी पिस्तूल घरी ठेवून जाणे कायद्यात बसत नाही. त्यांना खरोखर गरज वाटत असेल तर त्यांनी स्वतःच्या नावे अर्ज करावा. तोवर पेटीचा आकडा फक्त आपल्यालाच माहीत असणे हेच योग्य.

आता हस्तांतराविषयी. दोन्ही पिस्तुलांचे मार्ग वेगळे आहेत. शस्त्र नियम २०१६ मधील नियम २५ नुसार परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली असतील किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले असेल, तर त्याच्या हयातीतच वारसाला त्या शस्त्राचा परवाना देता येतो. आपल्या वडिलांच्या बाबतीत दोन्ही अटी पूर्ण होतात. काकांचे कोल्ट मात्र मी खाजगी विक्री किंवा हस्तांतर म्हणून नेईन. त्यासाठी काकांनी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी सूचना द्यावी आणि सूचनेनंतर ४५ दिवस उलटल्याशिवाय शस्त्र आपल्या हाती देऊ नये. ही मुदत “घरचेच तर आहे” असे म्हणून कोणी पाळत नाही आणि पुढे परवानाच अडचणीत येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात, पूर्वी ही मर्यादा तीन होती. म्हणजे पुढेमागे दोन्ही पिस्तुले आपल्या नावे येऊ शकतात. आज प्रश्न फक्त पहिले कोणते, एवढाच आहे.

आपण रोकड नेता, म्हणून स्वसंरक्षणाच्या अधिकाराची सीमाही स्पष्ट करतो. १ जुलै २०२४ पासून या तरतुदी भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहेत. जबरी चोरी किंवा सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातील घरफोडी होत असेल तर कलम ४१ प्रमाणे मालमत्तेच्या रक्षणाचा अधिकार हल्लेखोराचा मृत्यू होण्यापर्यंत जाऊ शकतो. पण कलम ३७ म्हणते की संरक्षणाला आवश्यक तेवढीच इजा करता येते, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका वेळ हाती असेल तर हा अधिकारच उरत नाही. थैली हिसकावून पळणाऱ्याच्या पाठीवर झाडलेली गोळी न्यायालयात समजावून सांगणे फार कठीण असते. त्याचे तोंड वळले आणि आपल्या जिवाचे भय संपले, की हात खाली आलाच पाहिजे. याच कारणाने घरातही जिना उतरून चोराला शोधायला जाऊ नये. सगळ्यांना एका खोलीत घ्यावे, दार लावावे, ११२ ला फोन करावा आणि पिस्तूल त्या दारासाठी ठेवावे. वाड्याच्या बाहेरच्या भिंती जाड असतील, पण माडीवरच्या लाकडी आडभिंतीतून ही आवरणाची गोळी सहज आरपार जाईल. पलीकडे कोण झोपते, हे आधीच मनात पक्के असावे.

लग्नसराई जवळ आली आहे म्हणून एक गोष्ट राहवत नाही. वरातीत हर्षाने गोळी झाडण्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. आपल्या भागात या एका सवयीने किती घरांत सुतक आले आहे, हे मी न्यायालयात पाहतो. वरातीला पिस्तूल नेऊच नये.

दौलतगंजवासी

सर्वांचा मनापासून आभारी आहे. रविवारी वडिलांनी आणि काकांनी माझ्यासमोर आपापल्या पिस्तुलाची परीक्षा केली आणि निकाल माझ्या अपेक्षेच्या अगदी उलट लागला. वॉल्थरमध्ये सेफ्टी खाली करताच पेन्सिल जवळजवळ वीतभर वर उडाली. तीन वेळा केले, तिन्ही वेळा उडाली. हे पाहून वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. चाळीस वर्षे ते चेंबर भरून याच पद्धतीने घोडा उतरवत आले होते, आणि नळी कुठल्या दिशेला आहे याकडे प्रत्येक वेळी लक्ष होतेच असे त्यांना सांगता येईना. काकांच्या कोल्टच्या दोन्ही सेफ्टी व्यवस्थित निघाल्या. मॅगझिनही मूळचेच आहे, फक्त त्याची स्प्रिंग मऊ वाटते. आता मी काय करावे?

निवृत्त आर्मरर, थाटीपूर

पेन्सिल उडाली हे वाचून अंगावर काटा आला. वडिलांना माझा नमस्कार सांगा. चूक त्यांची नाही, ज्या भागावर विश्वास ठेवायला त्यांना शिकवले गेले तो भाग झिजला. आजपासून त्या वॉल्थरमध्ये एकही काडतूस जाऊ देऊ नका. वडिलांनी स्वतः ती दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडे न्यावी. अंदाजाने कानस लावणाऱ्याकडे मुळीच नेऊ नये, कारण सेफ्टीचा भाग केसाएवढा जास्त घासला तर दोष वाढतो. योग्य भाग मिळून पेन्सिलची परीक्षा वीस वेळा पार पडली, तर तिचा पुन्हा विचार करू. “सेफ्टी न वापरता अंगठ्याने घोडा हळूच उतरवीन” असा मार्ग कोणी सुचवला तर ऐकू नका. भरलेल्या चेंबरवर अंगठा एकदाच निसटतो.

माझे मत मी बदलतो. आपल्या घरातील या दोन पिस्तुलांपैकी कोल्ट घ्या, आणि मुरारच्या ताई ठेवतात तसेच, चेंबर रिकामे ठेवून घ्या. ४५ दिवसांची मुदत आहेच. तेवढ्यात काकांनी मॅगझिनची स्प्रिंग बदलून घ्यावी आणि पिस्तूल संपूर्ण साफ करून घ्यावे. काडतुसे खडकीच्या कारखान्याची, नव्या पेटीतली घ्या. काकांच्या कपाटातली जुनी काडतुसे आपल्या हाती घेऊ नका. ती त्यांच्याच नावावर आहेत, ती त्यांनीच दुकानात किंवा ठाण्यात रीतसर जमा करावीत. पिस्तूल आपल्या नावे झाल्यावर रेंजवर किमान ५० गोळ्या एकही न अडकता सुटल्या, तरच ते कमरेला लावा. परवान्यावरचा काडतुसांचा वार्षिक कोटा अपुरा पडत असेल तर दोन वर्षांत विभागून करा, पण तोवर भरवसा धरू नका.

गाडीतील अडचण मात्र शिल्लक राहते, ती मी लपवणार नाही. रिकाम्या चेंबरचे पिस्तूल पट्टा लावलेल्या माणसाला उशिरा उपयोगी पडते. तेव्हा पहिला उपाय गाडीच ठेवा. काचा वर, दारे आतून बंद, पुढच्या वाहनापासून गाडी वळवता येईल एवढे अंतर, आणि शक्य असेल त्या दिवशी रोकड मंडीतच बँकेत भरणे. पिस्तूल गाडीच्या खणात कधीही ठेवू नका. ते होल्स्टरमध्ये अंगावर असावे किंवा घरी पेटीत असावे. एक-दोन हंगामांनंतरही चेंबर भरून बाळगण्याचीच गरज वाटली, तर ईशापूरचे नवे पिस्तूल दुकानात हाताळून पाहा. त्या वेळी मला कळवा, सोबत येईन.

आणि निवडणुकीत शस्त्र जमा करण्याचा आदेश निघाला, की ठाण्यात देण्यापूर्वी नळीत आणि स्लाइडखाली तेलाचा पातळ हात फिरवा, पावतीवर क्रमांक जुळवून घ्या, आणि परत मिळाल्या दिवशीच उघडून पुसा. पावसाळ्यात तीन महिने कापडात गुंडाळून पडलेल्या कोल्टची निळाई (पोलादावरचा निळसर थर) गंजून गेलेली मी पाहिली आहे, आणि आजोबांच्या वेळची ही वस्तू अजून चांगली टिकली आहे.

दौलतगंजवासी

काकांनी आज ठाण्यात लेखी सूचना दिली आणि पोच घेतली. वॉल्थर वडिलांनी रिकामी करून पेटीत ठेवली आहे. सोमवारी ते स्वतः ती परवानाधारक कारागिराकडे नेणार आहेत, मी गाडी चालवायला सोबत असेन.